साखळी आधी टांगायला हवी होती

मी साताऱ्यातल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. 2017 साली निवृत्त झाले. गावाबाहेर आमची थोडी शेती आहे. तिथे एक खोली बांधायची, पुस्तकं तिकडे न्यायची आणि दिवसभर वाचत बसायचं, असं मी आणि ह्यांनी ठरवलं होतं. खोली आतून दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. भिंती नऊ इंची, विटेच्या, आठ फूट उंच.

छताला सिमेंटचा स्लॅब नको होता. घरी वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. पत्र्याची तर गोष्टच नको. म्हणून विटांचं कमानीचं छत करायचं ठरलं. लोखंड कमी लागतं, वीट कराडकडून सहज येते आणि आत गार राहतं, एवढा विचार पक्का होता.

आकार मी ठरवला. साताऱ्याजवळ शेरी लिंबला अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. मी तिथे पाच-सहा वेळा गेले. काळ्या दगडाच्या त्या कमानींचे फोटो काढले. त्या टोकदार आहेत. आमच्या मिस्त्रींना टोक जमवणं अवघड वाटलं, म्हणून मी अर्धवर्तुळ घेतलं. खरं कारण वेगळंच होतं. वर्तुळ मला पाठ होतं. पाच फुटांची त्रिज्या, एक खिळा, एक दोरी, की झालं. कागदावर ते इतकं नीटनेटकं दिसलं की दुसरा विचार डोक्यात आलाच नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये भिंती झाल्या. वरून सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा फिरवला. सुताराने प्लायच्या तीन अर्धवर्तुळाकार कमानी कापल्या आणि त्यांवर फळ्या ठोकून सहा फूट लांबीचं सेंटरिंग केलं. ते धिऱ्यांवर ठेवायचं, सहा फूट छत बांधायचं, मग खाली उतरवून पुढे सरकवायचं, अशी योजना होती. जाडी साडेचार इंच, म्हणजे अर्धी वीट. दोन्ही बाजूंनी थर चढवत आणले. विटा सरळ आणि कमान गोल, त्यामुळे दर्जा, म्हणजे दोन विटांमधला मालाचा सांधा, आत तीन दोरे आणि बाहेर पाच दोरे पडत होता (दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग). बाहेरच्या बाजूला मिस्त्री विटेच्या चिपा बसवत होते. साडेचारशेच्या वर विटा लागल्या. माथ्याची वीट बसली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

आठ दिवस पाणी मारलं. मग सेंटरिंग उतरवायचा दिवस आला. मला घाई झाली होती. धिरे सगळेच काढा, असं मी म्हणाले. मिस्त्री ऐकेनात. "बाई, पाचरी हळूहळू ठोकायच्या. दोन इंच खाली आलं की थांबायचं. धिरे तसंच ऱ्हाऊ द्या." त्यांनी एकेका पाचरीला थोडा थोडा ठोका देत सेंटरिंग खाली घेतलं.

एक इंचभर खाली आलं आणि आतून बारीक आवाज झाला. माथ्याला, पोटाच्या म्हणजे आतल्या बाजूने, लांबीभर एक रेघ उमटली. मिस्त्री परांचीवर चढून कमानीच्या पाठीवर बघायला गेले. तिथून ओरडले, "बाई, हितं बी उकललंय. खाली कुणी जाऊ नगा." दोन्ही खांद्यांवर, कमानीच्या पायापासून साधारण तीन फूट उंचीवर, पाठीच्या बाजूने दर्जा उघडला होता. माथा बसत होता आणि खांदे बाहेर फुगत होते. भिंतीला ओळंबा लावला, तर वरची कड तीन दोरे बाहेर गेली होती.

पाचरी परत ठोकून सेंटरिंग वर घेतलं. कुणाला काही लागलं नाही. माझं ऐकून धिरे काढले असते, तर आत उभ्या असलेल्या दोन माणसांवर छत आलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी माल खराब असेल, सिमेंट जुनं असेल, अशी कारणं शोधत होते. ह्यांच्या ओळखीचे एक सर आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयात स्ट्रक्चर शिकवून निवृत्त झालेले. ते येऊन सगळं बघून गेले. मालाला त्यांनी हात लावून पाहिला आणि माल चांगला आहे म्हणाले. मग विचारलं, "हा आकार कशावरून घेतला?" मी वर्तुळाचं सांगितलं. ते म्हणाले, "आकार तुम्ही ठरवलात. वजनाला विचारलं नाहीत."

त्यांनी मला एक काम दिलं. गोठ्याच्या मोठ्या भिंतीवर आपली कमान खऱ्या मापात, पण उलटी काढायची. पोटाची रेघ आणि पाठीची रेघ, मध्ये साडेचार इंचांचा पट्टा. मग दोन्ही पायांच्या जागी खिळे ठोकायचे, त्यांवर साखळी सोडायची आणि ती पट्ट्यात राहते का ते बघायचं.

आधी मी नायलॉनची दोरी लावली. ती ताठ असते, स्वतःच्या वजनाने नीट पडतच नाही. मग झोपाळ्याच्या कड्या आणल्या. त्यांचे दांडे लांब, त्यामुळे वळणाऐवजी कोपरे पडले. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक कड्यांची साखळी आणली. 180 रुपये लागले.

साखळी टांगली आणि मला कळलं. तळाला ती पट्ट्याच्या मधोमध आणली, तर खांद्यांपाशी ती पट्ट्याच्या मधल्या रेघेपासून सहा-साडेसहा इंच आत, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर, जात होती. सैल करून पाहिली, ताणून पाहिली, खिळे पट्ट्याच्या रुंदीत इकडेतिकडे केले. साडेचार इंचांच्या पट्ट्यात ती कुठल्याही प्रकारे मावेना. ज्या जागी ती पट्ट्याबाहेर पडत होती, त्याच जागी आमचा दर्जा उघडला होता.

सरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. टांगलेल्या साखळीची प्रत्येक कडी फक्त ओढली जाते. तोच आकार उलटा केला, की प्रत्येक वीट फक्त दाबली जाते. विटेला दाब सोसतो, ओढ सोसत नाही. म्हणून वजनाचा रेटा विटांच्या जाडीतूनच खाली जायला हवा. तो जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिला, तर कुठेच ओढ पडत नाही. त्या भागाबाहेर गेला, की दर्जा उघडू लागतो. विटांच्या बाहेरच निघाला, तर कमान उभी राहूच शकत नाही. आमची कमान काही क्षण टिकली, ती सिमेंट जेवढा वेळ चिकटून राहिलं तेवढाच.

अर्धवर्तुळासाठी हिशेबही आहे. सारख्या जाडीचं अर्धवर्तुळ नुसत्या स्वतःच्या वजनाखाली उभं राहायला जाडी त्रिज्येच्या साधारण 11 टक्के लागते. आमच्या मापाला ती पावणेसात इंच होते. आम्ही साडेचार इंच घेतली होती. हा गुणाकार माझ्या सातवीच्या मुलींनी केला असता. मी तो मांडलाच नव्हता.

पुढे मी पुन्हा लिंबच्या विहिरीवर गेले. या वेळी कमानीची पोकळी पाहिली नाही, तिच्या आजूबाजूला काय आहे ते पाहिलं. खांद्यांवर दगड भरलेला. बाजूंना जाडजूड बांधकाम. त्यामागे जमीन. तिथे कमानीला बाहेर फुगायला जागाच नाही. विजापूरला गोल घुमट मी लहानपणी पाहिला होता. त्याचा बाहेरचा व्यास 44 मीटर, आणि त्याला पेलायला एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत. जुन्या कारागिरांनीही आकार आधीच ठरवले. कंपासने वर्तुळं काढली, दोन-तीन केंद्रं घेऊन टोकदार कमानी काढल्या. पण त्या आकाराला जे लागतं ते सगळं त्यांनी दिलं: जाडी, खांद्यांवरचा भराव, दोन्ही बाजूंचं वजन. मी फक्त आकार उचलला होता.

सरांनी एक जुनी गोष्टही सांगितली. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने लवचीक साखळी टांगल्यावर जशी लोंबते तशीच उलटी कमान उभी राहते, हे 1675 मध्ये लॅटिन अक्षरांची उलटापालट करून छापलं होतं. त्याचा उलगडा तो गेल्यावर झाला. 1748 मध्ये जोव्हान्नी पोलेनीने रोममधल्या सेंट पीटरच्या तडे गेलेल्या घुमटासाठी हीच युक्ती वापरली. घुमटाच्या फाका कल्पून प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात मणी ओवले, माळ टांगली आणि ती घुमटाच्या जाडीत राहते हे दाखवलं. स्पेनमध्ये गाउदीने दोऱ्या आणि वजनाच्या पिशव्या टांगून एका चर्चचा आकार शोधला. हे ऐकल्यावर गोठ्याच्या भिंतीवरची आमची साखळी मला लहान वाटेनाशी झाली.

बांधलेलं सहा फूट छत आम्ही उतरवलं. निम्म्याहून जास्त विटा वाचल्या. मजुरी, माल आणि सेंटरिंग मिळून 38,000 रुपये गेले.

आता पुढे तीन वाटा होत्या. अर्धवर्तुळ ठेवायचं तर नऊ इंच जाडी. मग वजन दुप्पट आणि रेटाही त्याच प्रमाणात. किंवा साडेचार इंच ठेवून खांद्यांवर पक्का भराव. त्याचंही वजन भिंतींवरच येणार. किंवा आकार बदलून साखळीचाच घ्यायचा. आम्ही तिसरी वाट घेतली. इजिप्तमध्ये हसन फाथी यांनी वापरलेली, सेंटरिंगशिवाय मागच्या भिंतीला टेकवून तिरके थर चढवायची पद्धतही सरांनी सांगितली. ती ऑरोव्हिलमध्ये शिकवतात. पण आमच्या मिस्त्रींचा तिला हात लागलेला नव्हता, आणि माझ्यात पुन्हा धोका घ्यायची हिंमत नव्हती.

साखळीचा आकार घेतला तरी किती खोल टांगायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. साखळी ताणली की कमान बसकी होते, खोली कमी उंच लागते आणि विटाही कमी लागतात. पण रेटा वाढतो. आमच्या रुंदीला तीन फूट उंची घेतली तर रेटा बराच जास्त येत होता. चार फूट घेतल्यावर तो दर फुटाला दोन्ही बाजूंना साधारण शंभर किलो आला. म्हणजे अठरा फुटांत प्रत्येक भिंतीला अठराशे किलोंचा आडवा रेटा. आठ फूट उंचीची नऊ इंची भिंत एकटीने तो पेलू शकत नाही. साखळीच्या आकाराची कमान तडकणार नाही, पण भिंत उलथली तर तिच्यासकट खाली येईल. पहिल्या वेळी ओळंबा तीन दोरे गेला तो याच कारणाने. ही चूक अर्धवर्तुळाच्या चुकीइतकीच मोठी होती, आणि तीही माझीच.

म्हणून भिंतीवरच्या पट्ट्यात साडेचार-साडेचार फुटांवर 16 मिलिमीटरच्या तीन सळया आडव्या टाकल्या. त्या दोन्ही भिंतींना एकमेकींकडे धरून ठेवतात. ह्यांना त्या दिसायला नको होत्या. मीही आधी नको म्हणत होते. पण आमचा भाग कोयनेचा आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते. सरांनी सांगितलं की साखळी फक्त स्वतःच्या वजनाचं उत्तर देते, भूकंपाचं देत नाही. त्यांनी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा तपासून घेतला. इंजिनिअरने खिडक्यांच्या वरच्या पातळीलाही एक पट्टा घालायला लावला. त्यासाठी बांधलेल्या भिंतींचे वरचे थर काढावे लागले. तेही केलं.

मग साचा. प्लायचे ताव उभे करून त्यांच्यासमोर साखळी टांगली आणि दर सहा इंचांवर खूण केली. साडेतेरा फुटांहून थोडी जास्त साखळी लागली. मध्ये मी पुन्हा चुकणार होते. मला पॅराबोलाचं समीकरण येत होतं, म्हणून खुणांऐवजी त्यावरून बिंदू काढून दिले. सरांनी ते साखळीवर धरून पाहिले. मध्येच सव्वा इंचाचा फरक होता. साडेचार इंचांच्या जाडीत मधला तिसरा भाग दीडच इंचाचा असतो. म्हणजे मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाऊणपाऊण इंच. सव्वा इंच म्हणजे त्या भागाबाहेर. वजन आडव्या रुंदीवर सारखं पसरलेलं असेल, तर पॅराबोला बरोबर. कमानीच्या स्वतःच्या लांबीवर पसरलेलं असेल, तर साखळी बरोबर. मी समीकरण बाजूला ठेवलं आणि खुणा घेतल्या.

सुतारालाही एक गोष्ट सांगावी लागली. साखळीची रेघ म्हणजे विटांच्या जाडीच्या मधली रेघ. सेंटरिंग पोटाला लागतं, म्हणून प्लाय त्या रेघेच्या सव्वादोन इंच आत कापायचं, आणि फळीची जाडी धरून आणखी आत.

बांधकाम मे महिन्यात सुरू झालं. त्याआधी सरांनी मिस्त्रींना साखळीसमोर उभं केलं आणि एका बाजूला वाळूची छोटी पिशवी अडकवली. साखळी तिथे खाली ओढली गेली आणि दुसरीकडे वर उचलली. मिस्त्री लगेच म्हणाले, "म्हंजे एका अंगाला माल ठेवायचा न्हाई." मला जे हिशेबाने पटलं, ते त्यांना पिशवीने पटलं. त्यानंतर दोन्ही बाजूंचे थर मोजून बरोबरीने चढले. विटांची थप्पी किंवा मालाचं घमेलं कमानीवर ठेवलं नाही. परांची कमानीला न टेकता वेगळी उभी केली. एकूण अकराशे विटा लागल्या.

पहिला सहा फुटांचा भाग चौदा दिवस ठेवला. सेंटरिंग उतरवायच्या दिवशी मी शेताच्या बांधावर उभी राहिले. आत जायचं धाडस झालं नाही. पाचरी सैल झाल्या, सेंटरिंग दोन इंच खाली आलं. आवाज झाला नाही. मिस्त्री बॅटरी घेऊन पोटावरचा एकेक दर्जा बघत गेले. मग त्यांनीच मला हात केला. ओळंबा होता तिथेच होता. मी आत गेले आणि हात लावून पाहिला. उरलेले दोन भाग जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरे झाले. पाठीवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चायना मोझॅक केलं.

पावसात एक चूक उघडी पडली. कमानीवरून ओघळलेलं पाणी दोन्ही बाजूंना, कमानीचा पाय आणि भिंतीवरचा कठडा यांच्यामध्ये साचत होतं. तिथून आत ओल आली. दिवाळीनंतर त्या जागी उतार काढून दर सहा फुटांवर पन्हाळी बसवली. तेव्हापासून ओल नाही. कमानीचं छत करणाऱ्यांनी ही घळ आधीच नकाशात दाखवावी.

आता जे कोणी असं छत करायचा विचार करत असतील त्यांना एवढंच सांगायचं आहे. वर्तुळ, टोकदार कमान, लंबवर्तुळ, हवा तो आकार निवडा. पण विटा मागवायच्या आधी तो भिंतीवर खऱ्या मापात उलटा काढा आणि बारीक कड्यांची साखळी टांगा. ती जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिली तर पुढे जा. राहिली नाही तर जाडी वाढवा, खांदे भरा किंवा आकार बदला. छतावर भराव किंवा माणसं येणार असतील, तर तेवढं वजन साखळीलाही त्याच जागी बांधून बघा. बाहेरचा रेटा कोण धरणार, भिंत की सळई, हे कागदावर लिहून ठेवा. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका. आणि सेंटरिंग उतरवताना अनुभवी मिस्त्री थांब म्हणाले तर थांबा.

माथ्याच्या पोटावर तीन ठिकाणी मी काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि शेजारी तारीख लिहिली आहे. तडा गेला तर काच आधी तुटते. चार पावसाळे झाले, तिन्ही पट्ट्या अखंड आहेत.